निराधार म्हणून मान्य, विद्यार्थिनी म्हणून अमान्य

२०११ च्या जनगणनेनुसार सिंधुदुर्ग जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया आहेत. या आकड्याचे कौतुक पुष्कळ झाले. त्यामागचे कारण मात्र कौतुकाचे नाही. इथला पुरुष पोटासाठी मुंबई गाठतो. घर, शेत, म्हातारी माणसे आणि मुले स्त्रीच्या अंगावर राहतात. चाकरमान्याच्या मनीऑर्डरीवर या किनाऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या संसार रेटला. नवरा दर्यात वा आजारात गेला, किंवा त्याने शहरात दुसरे बिऱ्हाड थाटले, की मागे उरलेली स्त्री एका दिवसात एकल पालक होते. समाज तिला विधवा किंवा परित्यक्ता म्हणतो. शासन तिला ‘निराधार’ म्हणते. तिला विद्यार्थिनी म्हणावयास मात्र कोणीही तयार नाही.

अशा स्त्रीने तिशी उलटल्यावर, दोन मुले पदरी असताना, अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करावयाचे ठरविले तर काय होते? सतरा नंबरचा अर्ज भरून ती बारावीला बसू शकते. मालवण, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी येथे महाविद्यालये आहेत. १९८९ पासून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना निम्मे भाडे आहे. तेव्हा दार उघडेच आहे, असे शासनाला म्हणता येते. परंतु त्या दारापर्यंत पोहोचण्याचा खर्च कोणी करावयाचा, याचे उत्तर कोणत्याही शासननिर्णयात सापडत नाही.

महाविद्यालयाचा प्रवेश जून-जुलैत होतो. नेमक्या याच दोन महिन्यांत मासेमारीला बंदी असते. मासळीची पाटी डोक्यावर घेणारीची कमाई थांबते, तारकर्ली-देवबागची पर्यटकांची वर्दळ आटते, आंब्याचा हंगाम उरकलेला असतो. लावणीची मजुरी तेवढी मिळते, तीही थोडे दिवस. त्याच पावसात घराची कौले परतावी लागतात आणि मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च दारात उभा राहतो. शुल्काची रक्कम एकरकमी मागण्यास यापेक्षा वाईट मुहूर्त या किनाऱ्यावर शोधूनही सापडणार नाही. उलट दिवाळीत आणि उन्हाळ्यात हाताला काम असते, तेव्हा सत्रपरीक्षा मागेपुढे उभ्या असतात. शिवाय शुल्क हा खर्चाचा लहान भाग झाला. काजूच्या कारखान्यात वा कोळंबी सोलण्याच्या कामावर जाणारीने वर्गात घालविलेला प्रत्येक दिवस म्हणजे बुडालेला रोज असतो. अठरा वर्षांच्या मुलाचा रोज बुडाला तर बापाच्या घरी जेवण मिळते. इथे जेवण घालणारी तीच आहे.

शासनाकडे योजनांचा तुटवडा नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेची रक्कम २०२३ साली दरमहा १५०० रुपये झाली. मात्र तेव्हाही कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१ हजार रुपयेच राहिली. म्हणजे महिन्याला १७५० रुपये. शिकता शिकता तिने यापेक्षा अधिक मिळविले की ती कागदोपत्री निराधार राहत नाही आणि तिचे अनुदान धोक्यात येते. स्वतःच्या पायावर उभे राहण्याचा प्रयत्न करील तिचा आधार काढून घ्यावयाचा, असे हे धोरण आहे. २०२४ साली ‘लाडकी बहीण’ आली. तिचेही १५०० रुपयेच, आणि निराधार योजनेचे १५०० घेणारीला ते नाहीत. मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे आणि ती चांगलीच आहे. थोडक्यात, मुलाला मूल म्हणून मदत आहे, आईला दुर्दैवी म्हणून मदत आहे. शिकणाऱ्या आईसाठी रकाना नाही.

जुलै २०२४ मध्ये शासनाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास व इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. निर्णय स्वागतार्ह आहे. पण तो केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश मिळविणारीसाठी आहे. जवळच्या महाविद्यालयात बी.ए. वा बी.कॉम. करू पाहणाऱ्या मालवणच्या आईला त्याचा स्पर्शही होत नाही. वसतिगृहाचा निर्वाहभत्ता मिळतो तो घर सोडून शहरात राहणाऱ्या विद्यार्थ्याला. मुलांना सोडून तिने कोठे जावे? बँकेकडे कर्ज मागितले तर शैक्षणिक कर्जाच्या नमुना योजनेत विवाहितेचा सहकर्जदार म्हणून पती, आई-वडील किंवा सासू-सासरे अपेक्षित आहेत. तिची एकटीची सही पुरत नाही! प्रसूतिलाभ कायद्यात २०१७ साली पाळणाघराची तरतूद झाली, पण ती ५० वा अधिक नोकर असलेल्या आस्थापनेतील नोकरांसाठी. प्राध्यापिकेचे मूल त्या कायद्याला दिसते, तिच्या वर्गात बसलेल्या विद्यार्थिनीचे दिसत नाही.

सव्वाशे वर्षांपूर्वीच्या सुधारकांना ही गोष्ट अधिक नीट कळली होती. पतिनिधनानंतर लहानग्या मनोरमेला घेऊन १८८३ साली इंग्लंडला शिकावयास गेलेल्या पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, ते नुसती शाळा म्हणून नव्हे. तेथे निवारा आणि अन्नही होते. देवरूखच्या गोदूबाई या विधवा तेथे शिकल्या आणि पुढे महर्षी कर्व्यांच्या सहधर्मचारिणी झाल्या. त्यांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले याही विधवा, पदरी मुलगा; त्याही पुण्यास शिकल्या आणि कर्व्यांनी १८९६ मध्ये स्थापिलेल्या आश्रमाच्या आधारस्तंभ बनल्या. याच कोकणच्या त्या लेकी. त्यांना कोणी फी माफ करून घरी पाठविले असते, तर त्या घरीच राहिल्या असत्या. स्वीडनमध्ये आज शिक्षण घेणाऱ्या पालकाला विद्यार्थीसाहाय्याखेरीज मुलांसाठी वेगळी रक्कम मिळते. त्यामागचे तत्त्व हिंगण्याच्या माळावर आधीच सिद्ध झाले होते.

तिजोरीवर भार पडेल, असा आक्षेप येईल. जे शासन निवडणुकीच्या वर्षात कोट्यवधी स्त्रियांना दरमहा रक्कम वाटू शकते, त्याच्या तोंडी हा आक्षेप शोभत नाही. दुसरा आक्षेप अधिक घातक आहे. तो घराघरांत आणि कधीकधी चळवळीच्या बैठकीतही ऐकू येतो: आधी मुलांचे शिक्षण होऊ द्या, मग आईचे पाहू. आई अर्धशिक्षित व अर्धपोटी राहिली की मुलांचे शिक्षणही दहावीला थांबते, हे प्रत्येक वाडीवर दिसते. पोटगीची कमाल मर्यादा दरमहा ५०० रुपये होती. केंद्रीय कायद्यात ती २००१ पर्यंत तशीच राहिली. ‘थांबा’ म्हणणाऱ्यांनी एकल स्त्रीला किती थांबविले, याचा तो हिशेब आहे.

मागण्या स्पष्ट हव्यात. शुल्क नारळी पौर्णिमेनंतर हप्त्यांनी घ्यावे. प्रवेश घेतलेल्या एकल मातेला अभ्यासक्रम संपेपर्यंत दरमहा निर्वाहभत्ता मिळावा आणि त्या काळातील तिच्या कमाईवरून निराधार अनुदान कापू नये. प्रत्येक तालुक्यात किमान एका महाविद्यालयात विद्यार्थिनींच्या मुलांसाठी पाळणाघर असावे. शैक्षणिक कर्जाला तिची एकटीची सही पुरेशी मानावी.

मार्च २०२४ मध्ये शासनाने कागदपत्रांवर आईचे नाव बंधनकारक करण्याचा निर्णय घेतला. शाईला खर्च फार येत नाही. खर्च येतो तो त्या नावाच्या बाईला शिकविण्यास. १९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली, तेव्हा कार्यकर्ते गावोगाव फिरून टाकलेल्या स्त्रियांची गणना करीत होते. सिंधुदुर्गातील कार्यकर्त्यांनी आता वाडीवाडीवर जाऊन दुसरी यादी करावी: कोणाचे शिक्षण कोठे थांबले आणि किती रुपयांवाचून थांबले. ती यादी ग्रामसभेत वाचावी, तहसील कचेरीत नेऊन ठेवावी, आणि प्रवेशाच्या हंगामात महाविद्यालयाच्या दारात त्या स्त्रियांसोबत उभे राहावे.