तलावाचा वास काय सांगतो?

ऑस्ट्रेलियात अनेक घरांच्या परसात पोहण्याचा तलाव असतो. त्याला उग्र वास आला, की क्लोरीन भरपूर आहे, पाणी स्वच्छ आहे, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती उलट आहे! घाम व मूत्र यांतील नायट्रोजनयुक्त पदार्थांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामिने बनतात. तो वास त्यांचा. डोळे चुरचुरतात तेही बहुधा त्यांच्यामुळेच. पाण्याचे पीएच मूल्य ७.२ ते ७.८ आणि दर लिटरला निदान १ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन राखावा, हे खरेच. पण हा पहारेकरी आपल्याच मळाशी झुंजत राहिला, तर जंतूंशी कोण लढणार? म्हणून आधी स्वच्छ अंघोळ करा, मगच पाण्यात उतरा. आपल्या गावच्या तलावालाही हाच नियम लागू आहे.