आधी लेन्स, मग कॅमेरा

फिल्मवर व्यावसायिक काम करू पाहणाऱ्या तरुण छायाचित्रकारांना माझं कळकळीचं सांगणं आहे: बॉडीवरचं नाव बघून पैसे मोजू नका. कोणत्या उजेडात, कशाचे फोटो काढणार ते आधी ठरवा. त्यावरून लेन्स ठरवा आणि ती लेन्स जिला लागते ती बॉडी घ्या. पुण्यात हा हिशेब करायला महात्मा फुले मंडईसारखी जागा नाही.

१८८६ साली उभी राहिलेली ही दगडी इमारत आतून अंधारी आहे. गाळ्यावरच्या मावशींच्या चेहऱ्यावर असतो तो डोक्यावरच्या दिव्याचा उजेड. ४०० च्या फिल्मवर एफ/२ ला १/६० चा शटर स्पीड मिळाला तरी समाधान मानावं. एफ/२.८ ची लेन्स लावली की १/३० वर येता. मामिया आरबी६७ च्या नेहमीच्या लेन्स एफ/३.८ च्या, म्हणजे साधारण १/१५. तेवढ्यात तराजू धरलेला हात हलतोच. ट्रायपॉड लावू म्हणाल, तर त्या बोळांत कृपा करून लावू नका. ती माणसांची पोटापाण्याची वाट आहे. आतल्या कामासाठी ३५ मिमीची बॉडी आणि एफ/२ ची ३५ किंवा ५० मिमी लेन्स घ्या. याहून महाग सामान तिथे तुमच्या उपयोगाचं नाही.

बाहेर आलात की चित्र पालटतं. सावलीत बसलेली फुलवाली आणि मागे रणरणता रस्ता, अशा वेळी चेहऱ्यावर थोडा फ्लॅश द्यावा लागतो. पेंटॅक्स के१००० मध्ये फ्लॅश १/६० च्या पुढे जुळत नाही, त्यामुळे १०० च्या फिल्मवर उन्हासाठी एफ/२२ गाठावं लागतं. छोट्या फ्लॅशचा तिथे निभाव लागत नाही. नंतरच्या निकॉन एफएम२ मध्ये १/२५० मिळतो, म्हणजे एफ/११. हॅसलब्लाड ५०० सी/एम चा शटर लेन्समध्येच असतो आणि १/५०० पर्यंत फ्लॅश जुळतो, म्हणून एफ/८ वर भागतं. शिवाय तिचं निगेटिव्ह ३५ मिमीच्या साडेतीन पटींहून मोठं. भिंतभर प्रिंट देणाऱ्यांनी तिच्यासाठी जरूर पैसे साठवावेत. मात्र १२० च्या रोलमध्ये फोटो बाराच, हे विसरू नका.

मंडईचं शिखर टिपताना कॅमेरा वर उचलला की ते मागे झुकलेलं दिसतं. निकॉनची ३५ मिमी पीसी लेन्स सरकवून ते सरळ राखता येतं. ती नसेल तर ६×६ वर वाइड लेन्स लावा, कॅमेरा पातळीत धरा आणि प्रिंट करताना खालचा रस्ता कापून टाका. एवढ्यासाठी वेगळी लेन्स घेऊ नका.

विसर्जन मिरवणूक मंडईपासूनच निघते. त्या गुलालात लेन्स बदलणं म्हणजे शटरमध्ये गुलाल भरणं. दोन लेन्स हव्या असतील तर दोन बॉडी न्या आणि दोन्ही लेन्सवर यूव्ही फिल्टर ठेवा. दोन्ही बॉडी एकाच माउंटच्या असाव्यात.

आणि माउंटच्या बाबतीत फार सावध राहा. कॅननने १९८७ साली ईएफ आणलं. आधीच्या एफडी लेन्स त्यावर सरळ बसत नाहीत. एफडी स्वस्त मिळतात आणि उत्तम आहेत, पण ती वाट तिथेच थांबते. निकॉनचं एफ माउंट १९५९ पासूनचं. तरी १९७७ च्या आधीची, एआय न केलेली लेन्स एफएम२ वर चढवू नका. ऑलिंपस ओएम-१ घेणाऱ्यांनी तिच्या मीटरचा पाऱ्याचा सेल आता मिळत नाही हे लक्षात घ्यावं. दीड व्होल्टच्या सेलवर मीटर चुकतं.

आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते. जुनी लेन्स घेताना अॅपर्चर पूर्ण उघडा, मागून टॉर्च मारा आणि तिरपं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर परत द्या. काच खाल्ली गेली असेल तर पुसून उपयोग होत नाही. बॉडीचा एक सेकंदाचा शटर चालवून बघा, मधेच अडखळला तर दुरुस्तीचा खर्च धरा. मग एक रोल घालून मंडईत जा, सगळे स्पीड वापरा, रोल धुवून आणा आणि निगेटिव्ह बघूनच उरलेले पैसे द्या. रोल वापरून बघू न देणाऱ्याकडून काही घेऊ नका.