पुऱ्या झालेल्या चित्राला हात

चित्र पुरें झालें, खालीं सही पडली, कीं चित्रकारानें त्यास पुन्हा हात लावूं नये, असा निवाडा पुष्कळ रसिक मोठ्या ऐटीनें देत असतात. पहिली स्फूर्ति तेवढी खरी, मागाहूनची ती नुसती चिकित्सा, हें त्यांचें प्रमाण. आम्हांस हा निवाडा मुळींच मान्य नाहीं. ग्रंथकार ‘सुधारून वाढविलेली आवृत्ति’ असें मुखपृष्ठावर अभिमानानें छापतो, तेव्हां हीच मंडळी त्याची पाठ थोपटते. मग चित्रकारानेंच काय घोडें मारलें आहे?

एक आक्षेप मात्र खरा आहे. ग्रंथाची पहिली आवृत्ति कपाटांत शिल्लक राहते. चित्राचें पहिलें रूप नव्या रंगाखालीं गडप होतें. म्हणूनच दुरुस्ती कोणासाठीं, हें पाहिलें पाहिजे.

अमेरिकन चित्रकार सार्जंट यानें पॅरिसमधील एका नामांकित सुंदरीचें ‘मादाम एक्स’ हें चित्र १८८४ च्या प्रदर्शनांत मांडलें. पोषाखाचा एक पट्टा तिच्या खांद्यावरून घसरलेला होता. लोकांनीं गिल्ला केला; प्रदर्शन आटोपल्यावर सार्जंटनें तो पट्टा खांद्यावर नीट चढविला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानें १९१६ सालीं चित्र घेतलें, तें याच रूपांत. मूळचा घसरलेला पट्टा आतां जुन्या छायाचित्रांत शोधावा लागतो. खुपलें लोकांच्या डोळ्यांना, आणि पुसलें चित्रकारानें! आमच्या मतें ही दुरुस्ती नव्हे, शरणागति होय.

फ्रेंच चित्रकार बोनार याची गोष्ट निराळी. १९४७ च्या जानेवारींत तो मरणाच्या दारीं होता. फुललेल्या बदामाच्या झाडाचें त्याचें चित्र समोर होतें. परंतु डाव्या कोपऱ्यांत, खालच्या जमिनीचा हिरवा रंग त्यास खटकूं लागला. स्वतःच्या हातांत बळ उरलें नव्हतें, म्हणून भाच्याच्या मदतीनें त्यानें तेथें पिवळा रंग घालविला. थोड्याच दिवसांत तो वारला. त्या पिवळ्या रंगामागें कोणाचा धाक होता?

हात थांबेनासा झाला तर चित्राचा चिखल होतो, असें कोणी म्हणेल. होतोही. पण चूक दिसत असतां निव्वळ सहीच्या आदरापायीं ती तशीच ठेवणारा प्रामाणिक कसा? रसिकांनीं चित्रकारास ‘हात लावूं नको’ असें बजावूं नये. ‘हें तुझ्या डोळ्याला खुपलें कीं आमच्या?’ एवढेंच विचारावें. त्याच्याच डोळ्याला खुपलें असेल, तर कुंचला त्याच्या हातीं देऊन आपण बाजूस व्हावें.