देवाची माहिती आणि देवाची ओळख



देव आपल्याला बहुतेक वेळा वारशाने मिळतो. देव्हारा आजोबांचा, उपवास आईचे, आणि ख्रिस्ती घर असेल तर रविवारची उपासनाही आईवडिलांचीच. त्यामुळे देवाबद्दलची माहिती आपल्याकडे भरपूर असते. पण माहिती वेगळी आणि ओळख वेगळी. ऑफिसात एखाद्याचा प्रोफाइल तोंडपाठ आहे म्हणून तो आपला मित्र होत नाही.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण बघा. इंद्रवेल्लीजवळ केस्लापूरला पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. तिथे मेस्राम कुळात लग्न होऊन आलेल्या नव्या सुनांची नागोबाशी रीतसर ओळख करून देतात. या विधीला ‘भेटिंग’ म्हणतात. सून घरात आली म्हणजे देवाची भेट झाली, असं धरत नाहीत. तिला स्वतः त्याच्यासमोर जावं लागतं.

ख्रिस्ती श्रद्धेतही हीच गोष्ट महत्त्वाची आहे. मराठीतल्या तीन मोठ्या माणसांच्या आयुष्यात ती स्पष्ट दिसते.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमध्ये झाला. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या विदुषी! पण पुढे त्यांनी स्वतःच लिहिलं, की ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला होता, ख्रिस्त मात्र मिळाला नव्हता. हे कळायला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं गेली. आधी तत्त्वं पटली, भेट नंतर झाली.

कवी नारायण वामन टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने ‘नवा करार’ दिला. वाचायचं वचन दिलं होतं म्हणून ते वाचू लागले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी खिळून राहिले. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण तुकोबांना त्यांनी सोडलं नाही. तुकोबांच्याच पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते मानत. वारकरी जसं विठ्ठलाला माउली म्हणतो, तशीच माया त्यांच्या अभंगांत ख्रिस्तासाठी आहे.

आणि लक्ष्मीबाई? नवऱ्याच्या निर्णयाने त्यांचा संसारच मोडला. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, सोवळं-ओवळं पाळत राहिल्या. नवऱ्याला देव भेटला म्हणून बायकोला भेटला, असं झालं नाही. पुढे विचार करता करता त्यांना स्वतःलाच पटलं, की जातिभेद माणसांनी केलेला आहे, देवाने नाही. मग त्यांनी कुणाच्याही हातचं खायला-प्यायला सुरुवात केली. त्यानंतर 1900 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. हे सगळं त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त इतक्या मोकळेपणाने सांगितलंय, की वाचताना हसूही येतं आणि डोळेही भरतात.

तिघांच्या वाटा वेगळ्या आणि लागलेला वेळही वेगळा. मग ज्याच्याशी नातं जोडायचं, तो देव आहे कसा? येशूने याचं उत्तर व्याख्या करून दिलं नाही, गोष्ट सांगून दिलं. आपल्या वाट्याची मालमत्ता उधळून कंगाल झालेला मुलगा घरी परततो. काय बोलायचं हे त्याने मनात घोकून ठेवलेलं असतं. पण बाप त्याला लांबूनच ओळखतो, धावत जातो आणि तो बोलायच्या आधीच मिठी मारतो. हिशेब मागत नाही. ख्रिस्ती माणसाच्या मनातला देव असा आहे, म्हणून प्रार्थनेत तो त्याला सरळ ‘पित्या’ अशी हाक मारतो.

अशा देवाशी घरच्या भाषेत बोलता येतं. रागही सांगता येतो, शंकाही विचारता येते. मात्र नातं खरं आहे की नाही, हे डोळे मिटल्यावर कळत नाही. उघडल्यावर समोरच्या माणसाशी आपण कसं वागतो, त्यावरून कळतं. लक्ष्मीबाईंचं देवाशी नातं असंच पाण्याच्या पेल्यापासून दिसू लागलं.

आपल्या पिढीतल्या आईबाबांनी यातून एक गोष्ट जरूर घ्यावी. मुलांना श्लोक शिकवा, स्तोत्रं शिकवा, देवळात किंवा चर्चमध्ये घेऊन जा. ओळख करून देणं आपलं कामच आहे. पण भेट त्यांची त्यांना होऊ द्या. मुलगी म्हणाली, “मला अजून पटत नाही,” तर रागावू नका. रमाबाईंना आठ वर्षं लागली होती.

पुढच्या वेळी भेटूच.