क्रिया-प्रतिक्रिया : पाठांतराकडून प्रचीतीकडे

न्यूटनने १६८७ साली प्रसिद्ध केलेला गतिविषयक तिसरा नियम बहुतेक विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतो : क्रिया व प्रतिक्रिया ही बले समान आणि विरुद्ध दिशेची असतात. तथापि, थोराड मुलगा आणि किरकोळ अंगाचा मुलगा यांनी एकमेकांना ओढले तर कोणाचे बल अधिक, असे विचारताच तेच विद्यार्थी निःशंकपणे थोराड मुलाकडे बोट दाखवितात. नियम पाठ झालेला असतो; पटलेला नसतो.

तो पटविण्यास दोन तानकाटे पुरेसे आहेत. त्यांचे हूक एकमेकांत अडकवून दुसरी टोके त्या दोन मुलांच्या हाती द्यावीत. ओढण्यापूर्वी वर्गाचा अंदाज फळ्यावर लिहून घ्यावा. मग प्रत्येकाने आपल्या काट्यावरील नोंद मोठ्याने वाचावी. एकावर २० न्यूटन असेल, तर दुसऱ्यावरही २०च. थोराड मुलाने जोर वाढविला तरी दोन्ही काटे बरोबरीनेच पुढे सरकतात. एका मुलाच्या जागी भिंतीतील खुंटी असली तरी फरक पडत नाही. खुंटीही तितक्याच बलाने ओढते.

येथे चौकस विद्यार्थ्याची शंका ठरलेली : बले समान व विरुद्ध असतील, तर ती परस्परांना रद्द का करीत नाहीत? व्यापारी घरातील मुलास याचे उत्तर खतावणीत सापडेल. द्विनोंदी पद्धतीत एका खात्यावर जितकी रक्कम नावे पडते, तितकीच दुसऱ्या खात्यावर जमा होते. रकमा समान, परंतु खाती भिन्न. म्हणून दोन्ही खात्यांची शिल्लक बदलते. त्याचप्रमाणे क्रिया एका वस्तूवर घडते आणि प्रतिक्रिया दुसऱ्या वस्तूवर. चाकांच्या खुर्च्यांवर बसून शिक्षक व विद्यार्थी यांनी तळहातांनी एकमेकांना रेटले, तर दोघेही मागे सरकतात. खुर्चीसह शिक्षकांचे वस्तुमान ८० किलो आणि विद्यार्थ्याचे ४० किलो असेल, तर घर्षण वगळता विद्यार्थ्याचा वेग दुप्पट भरेल. बल मात्र दोघांवर सारखेच.

तिसरा प्रयोग फुग्याचा. ताणलेल्या दोऱ्यात स्ट्रॉ ओवून तिला फुगविलेला फुगा चिकटवावा व त्याचे तोंड सोडावे. हवा मागे, फुगा पुढे! बाहेर पडणारी हवा मागच्या भिंतीला रेटते म्हणून फुगा धावतो, असे काही मुले सांगतात. भिंतीपासून दूर, खोलीच्या मध्यावर प्रयोग केला की हा तर्क गळून पडतो. मग बाहेरच्या हवेचा आधार मिळत असेल, अशी पुढची शंका निघते.

याच शंकेने जाणतेही चकले होते. निर्वात पोकळीत अग्निबाण चालणे शक्य नाही, असे सुचवून ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने १३ जानेवारी १९२० च्या संपादकीयात अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट गोडार्ड यांची खिल्ली उडविली. वास्तविक गोडार्ड यांनी त्यापूर्वीच हवा काढून घेतलेल्या नळकांड्यात प्रयोग करून अग्निबाणाला तेथेही रेटा मिळतो, हे दाखविले होते. अग्निबाण रेटतो तो स्वतःच्याच वायूला; बाहेरच्या हवेला नव्हे. वृत्तपत्राने चूक दुरुस्त केली ती १७ जुलै १९६९ रोजी, अपोलो ११ चंद्राच्या वाटेवर असताना. गोडार्ड १९४५ सालीच निवर्तले होते.

जी समजूत दुरुस्त होण्यास तेथे ४९ वर्षे लागली, ती वर्गात एका तासिकेत दुरुस्त होऊ शकते. फुगा, दोरा आणि स्ट्रॉ तर घरातही मिळतात. पालकांनी एवढेच पथ्य पाळावे : उत्तर सांगण्याची घाई करू नये, आधी मुलाचा अंदाज विचारावा आणि मग फुगा त्याच्याच हाती द्यावा.