सरकारचे जावई!



मराठी घरात जावयाइतका मानाचा पाहुणा दुसरा नाही. परंतु आपला एखादा तरुण कचेरीत रुजू होतो आणि शेजारच्या टेबलावरून शब्द येतात, "या, सरकारचे जावई!" तेव्हा तो मान असतो काय? शब्द सत्काराचे, अर्थ फुकटखाऊपणाचा! जिभेवर स्तुती आणि मनात निंदा, यालाच उपरोध म्हणतात. आणि आपण दुखावलो की उत्तर तयारच असते: "अहो, थट्टा केली. एवढे काय मनावर घेता?" उपरोधाची खरी सोय हीच आहे. बाण तर लागतो, पण धनुष्य कोणाच्या हाती सापडत नाही.

मग उपरोध त्याज्य आहे काय? मुळीच नाही. तो कोणावर चालतो, हे पाहिले पाहिजे. १८७३ साली महात्मा फुले यांनी 'गुलामगिरी'त जोतीराव व धोंडीबा यांच्या संवादातून अवतारकथांची रेवडी उडविली. तो घाव सत्ताधारी वर्णावर होता आणि प्रत्येक घावामागे एक प्रश्न उभा होता. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त फुल्यांचा उपहास केला, तो मात्र त्यांच्या भाषेवरून आणि व्याकरणावरून. व्याकरण चुकले म्हणून प्रश्न चुकतो काय? ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या अक्षर नाकारले, त्याच्या कैवाऱ्याच्या व्याकरणाला हसणे ही विद्वत्ता नव्हे.

म्हणून "जावई" या शब्दाला शिवीने उत्तर देऊ नका. त्याची उकल करा. जावयाला मान मिळतो तो नात्यामुळे. आपल्या राखीव जागेला आधार आहे तो संविधानाच्या अनुच्छेद १६(४) चा. नोकऱ्यांत पुरेसे प्रतिनिधित्व नसलेल्या मागासवर्गांसाठी तो आहे. हे शांतपणे चारचौघांत सांगा. उपरोध उघडा पडला की त्याचे विष उतरते.

वकील या नात्याने आणखी एक सांगतो. कागदाला आवाज नसतो. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चिडून कोणी म्हणाला, "हो, मीच चोर!" तर कागदावर शब्द उतरतात, स्वर उतरत नाही. यास्तव अर्जात, तक्रारीत, जबाबात उपरोधाला थारा देऊ नका. अपमान झाला तर नेमके शब्द, वेळ, स्थळ आणि हजर माणसे त्याच दिवशी लिहून ठेवा. प्रत्येक टोमणा गुन्हा ठरत नाही. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली पाणउतारा करण्याचा हेतू आणि लोकांच्या नजरेसमोरचे स्थळ सिद्ध करावे लागते. अनुसूचित जातींतून बौद्ध झाल्याने हे संरक्षण जात नाही. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचाही त्या जातींच्या आदेशात समावेश झाला आहे.

शेवटी आपल्याच घरात पाहू. नापास होऊन आलेल्या मुलाला "या, बॅरिस्टर!" म्हणणारा बाप कोणाची भाषा बोलतो? त्याच शेजारच्या टेबलाची! सम्यक् वाचा कठोर वाणी वर्ज्य करते. तुमचा उपरोध बलवंतांसाठी राखून ठेवा. लेकरांशी सरळ बोला.