हळू जाणाऱ्याचा रस्ता

"ओ काका, चालत गेलात तर लवकर पोचाल!" हे वाक्य गेल्या दोन वर्षांत मी कर्वे रस्त्यावर ऐकले, टिळक रस्त्यावर ऐकले आणि एकदा चक्क वैकुंठाच्या वळणावरही ऐकले. तिथे लवकर पोचण्याची मला काही घाई नाही.

माझ्याकडे बॅटरीवरची स्कूटर आहे, ताशी २५ किलोमीटरच्या वर न जाणारी. गुडघ्यांनी सायकलला नकार दिला आणि पेट्रोलची स्कूटर स्टँडवर चढवताना कंबर बोलू लागली, तेव्हा ही घेतली. रात्री दीडेक युनिट वीज खाते आणि दिवसभर गप्प चालते. मंडई, वाचनालय, पेन्शनची बँक, एखाद्या मित्राचे आजारपण, या सगळ्यांसाठी मला मुलाच्या सवडीची वाट पाहावी लागत नाही. साठी उलटल्यावर ही केवढी मोठी गोष्ट असते, ते वाचकांपैकी निम्म्यांना तरी सांगायला नको.

पण रस्त्यावरच्या अनोळखी माणसांना या गाडीचा राग येतो. मागून हॉर्न वाजतात. सिग्नलला कोणी काच खाली करून विचारतो, "नंबरप्लेट कुठाय?" कोणी म्हणतो, "ही फुटणार तर नाही ना?" हा शेवटचा प्रश्न मला गैर वाटत नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात बॅटरीच्या काही स्कूटरींना आगी लागल्या होत्या, त्यानंतर सरकारने बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक केले. माणूस भीतीपोटी विचारत असेल तर दोन मिनिटे थांबून सांगावे. बाकीच्यांचे काय करायचे, हा खरा प्रश्न.

आधी हा राग येतो कुठून ते पाहू. हातगाडीवाल्याला किंवा सायकलवाल्याला कोणी इतके हॉर्न मारत नाही. तो हळूच जाणार हे लांबूनच कळते. माझी गाडी दिसते स्कूटरसारखी आणि जाते सायकलसारखी. मागून ताशी ५० किलोमीटरने येणारा मोटारवाला मला चाळीस-पंचेचाळीसचा धरून चालतो आणि सेकंदाला सात मीटर या हिशेबाने माझ्या पाठीवर येऊन आदळायच्या बेतात असतो. त्याला ब्रेक दाबावा लागतो. आपली फसवणूक झाली असे त्याला वाटते आणि त्याचा हात हॉर्नवर जातो.

नंबरप्लेटचा संशयही तसाच. नोंदणी केलेल्या विजेच्या गाड्यांना हिरवी पाटी असते, माझ्या गाडीला कसलीच नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटारची शक्ती २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि वजन ठरलेल्या मर्यादेत असेल, तर ते मोटार वाहनच धरले जात नाही. त्याला नोंदणी नको, परवाना नको. या नियमाची छापील प्रत मी डिकीत ठेवतो. ती पोलिसाला दाखवायची असते. भांडायला आलेला माणूस वाचायला आलेला नसतो.

१९७२ साली लूना आली तेव्हाही लोक हसले होते. पण तेव्हाचे पुणे सायकलींचे होते आणि सायकलींच्या घोळक्यात लूना पुढे असायची. २०२४ मध्ये तीच लूना विजेवर परत आली. मधल्या काळात रस्ता मात्र मोठ्या आणि आवाज करणाऱ्या गाड्यांचा झाला. ज्याचा आवाज मोठा त्याचा हक्क मोठा, हा न छापलेला नियम सगळे पाळतात. आवाजच नसलेले वाहन त्यात बसत नाही.

बँकेच्या काउंटरमागे मी तीसहून अधिक वर्षे काढली. पेन्शनच्या दिवशी समोर येणारा चिडलेला माणूस क्वचितच माझ्यावर चिडलेला असे. तो रांगेवर, उन्हावर, घरच्या कटकटीवर चिडलेला असे, मी फक्त समोर सापडत असे. तिथे एक सवय लागली, आवाजाला उत्तर द्यायचे नाही, कामाला द्यायचे. "नंबरप्लेट कुठाय?" "या गाडीला लागत नाही." हे एकदाच सांगतो. दुसऱ्यांदा विचारले की सिग्नलकडे पाहतो.

हॉर्नसाठी मात्र गटाराच्या कडेला जात नाही. कडेला वाळू असते, खचलेली झाकणे असतात, उभ्या मोटारींची दारे अचानक उघडतात. कडेपासून हातभर आत राहतो आणि पुढे जागा मिळाली की मागच्याला हात करून वाट देतो. त्या एका हाताने निम्मा राग उतरतो. आपल्याला कोणी पाहिले, एवढेच बहुतेकांना हवे असते.

पण "सोडून द्या हो" हा सल्ला सगळीकडे लावू नये. आमच्या सोसायटीत एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांच्याकडेही अशीच गाडी आहे. एका संध्याकाळी मोटारसायकलवरच्या दोन पोरांनी त्यांना गाठले. आडवी गाडी घालायची, हसायचे, आरशावर टिचकी मारायची. बाईंनी डोके शांत ठेवले. अंधाऱ्या गल्लीत न वळता औषधाच्या उजेडातल्या दुकानासमोर गाडी थांबवली आणि आत जाऊन बसल्या. पोरे निघून गेली. बाईंचे काहीच चुकले नाही, आणि तरी त्यांची गाडी चार महिने पार्किंगमध्ये कापडाखाली उभी राहिली. मुलगा म्हणाला, "आई, मी सोडतो ना." मुलाला सवड असते रविवारी. सोमवार ते शनिवार बाई घरात. शेजारपाजारचे म्हणत होते, कशाला उगाच या वयात!

टोमण्याला मौन पुरते, आडव्या घातलेल्या गाडीला पुरत नाही. तिथे ११२ आहे, आणि नंबर लक्षात ठेवणे आहे. मोबाइल काढून समोर धरला की समोरचा आणखी पेटतो. चेकवरचा आकडा ठेवतो तसा नंबर डोक्यात ठेवावा आणि लांब गेल्यावर लिहावा. बाईंनी ठेवला होता. मी त्यांच्याबरोबर चौकीवर गेलो. हवालदारसाहेबांनी पहिला प्रश्न केला, "तुमचं लायसन्स?" तेव्हा डिकीतली प्रत कामी आली. त्यांनी ती दोनदा वाचली, मग डायरी उघडली.

एका परक्याचा राग मात्र मला पूर्ण मान्य आहे, पायी चालणाऱ्याचा. आमच्यातले काहीजण गर्दी टाळायला फुटपाथवर गाडी चढवतात. मागून आवाज न करता काहीतरी अंगाजवळून जाते आणि काठी टेकत चाललेला माणूस हादरतो. त्याने शिवी दिली तर ती निमूट घ्यावी. कायद्याने मोटार वाहन नसलो म्हणून आपण पादचारी होत नाही. गल्लीबोळातल्या माणसांसाठी मी हँडलला सायकलची साधी घंटी बसवून घेतली आहे. हॉर्नला माणूस दचकतो, घंटीला बाजूला होतो.

ती घंटी कुठे मिळाली, हे विचारायला बाई मागच्या महिन्यात आल्या होत्या. आता सकाळी सातला त्यांची गाडी मंडईकडे निघते आणि नऊच्या आत परत येते. संध्याकाळचा कर्वे रस्ता त्यांनी अजून घेतलेला नाही.